नववी चूल

धाकटा : हा हात बघ, ताई. तुझ्या चुलीच्या नळीत कोपरापर्यंत घातला होता.

ताई : मग धू की. साबण खिडकीत आहे.

धाकटा : धुण्यासारखं काही लागलेलंच नाही. माझा मुद्दा तोच आहे.

भावोजी : कमाल आहे मेहुणे तुमची! चूल स्वच्छ राहिली तरी तक्रार? वर्षभर ‘काजळी कमी, काजळी कमी’ म्हणून आमचे कान किटवलेत.

धाकटा : काजळी कमी असणं वेगळं आणि नसणं वेगळं, भावोजी. नळी नीट तापली की काजळी जळून जाते आणि आतली वीट पांढुरकी पडते. ही पडलेली नाही. भट्टीतून आणली तेव्हा जशी तांबूस होती जवळजवळ तशीच आहे. आडवी नळी जिथे वळून उभी होते, जिथे ज्वाळा सगळ्यांत जोरात आदळते, त्या कोपऱ्यात मी स्वतः माती लिंपली होती. तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे. रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.

ताई : तुझं काम पहिल्यापासून पक्कं.

धाकटा : रोज दोन वेळा पेटणाऱ्या चुलीत ओल्या मातीवरचा ठसा वर्षभर टिकत नाही. कोणाचंही काम कितीही पक्कं असो.

भावोजी : मी जरा बाहेर लाकडं बघून येतो.

धाकटा : बसा, भावोजी.

ताई : बसा हो. पळताय कुठे? आणि तू, शंक्या, आधी पाणी पी. न कळवता आलास, वर धापा टाकत आलास. धापा टाकायचं काम या घरात माझं आहे.

धाकटा : उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे. ते गोळ्या वाढवणार आहेत. त्याआधी मला एकदा चुलीकडे बघायचं होतं, इतकंच. ही भिंत मी मागच्या वर्षी पांढरी केली होती ना? जुन्या चुलीच्या मागची?

भावोजी : केली होती. छान केली होती.

धाकटा : आता तिचा रंग कोणता?

भावोजी : राखाडी म्हणता येईल.

धाकटा : काळा म्हणतात त्याला. ताई, नवी चूल तू किती दिवस वापरलीस?

ताई : वापरते की अजून.

धाकटा : कधी?

ताई : तू येतोस त्या दिवशी. असा बघू नकोस. लहानपणी गणित चुकलं की असाच बघायचास. जसा काही आकड्यांनीच तुझा अपमान केलाय.

धाकटा : म्हणजे दर महिन्याला मी उपकरण घेऊन यायचो, खोलीतला धूर मोजायचो, तेव्हा…

भावोजी : तेव्हा आम्ही सकाळपासून कामाला लागलेलो असायचो. दारं उघडायची, वारा खेळवायचा, जुन्या चुलीवर पत्रा टाकून त्यावर भिंत झाकेल एवढी भांडी रचायची. तुमचा आदल्या दिवशी फोन यायचाच. तुमच्या घराण्याची रीतच ती, सांगितल्याशिवाय कोणी कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. बरं पडायचं. आज मात्र तुम्हाला गल्लीत बघितल्यावर पत्रा आणि चार भांडी तेवढी टाकता आली.

धाकटा : उपकरण बरोबर होतं. दिवस खोटा होता.

भावोजी : अहो, खोटा कसला? त्या दिवशी चूल खरंच जळायची. पहिल्या नंबरात पास व्हायची.

धाकटा : का, ताई? ही तरी कमरेइतकी उंच केली होती मी. तुला वाकायला लागू नये म्हणून.

ताई : उंची चांगली आहे. तिच्यावर मी धुतलेले कपडे ठेवते.

भावोजी : अगं…

ताई : आता काय लपवायचं? तुला सांगते, शंक्या. मला एका दमात नाही सांगता येणार. थांबत थांबत सांगेन. मध्ये बोलू नकोस. तुझ्या चुलीला बोटाएवढ्या काटक्या लागतात. जाड लाकूड तोंडात जात नाही. गेलं तर पेटत नाही, नुसतं धुमसतं. त्या काटक्या कोणी फोडायच्या? मी दोन घाव घातले की पाटावर बसते. अर्धा तास.

धाकटा : भावोजी होते ना.

भावोजी : हे हात बघा. आज जरा बरे आहेत. लेथवर होतो तेव्हा केसाच्या जाडीचा फरक बोटाला कळायचा. आता कुऱ्हाड एकीकडे जाते आणि मी दुसरीकडे. मागे अंगठ्याचं नख गेलं, तेव्हा तुम्हाला सांगितलं दारात चिमटलं म्हणून.

धाकटा : मग माझ्यासमोर जळायच्या त्या काटक्या?

भावोजी : वखारवाल्याकडून. त्याच्या करवतीवर चिरून देतो, ओळखीखातर. महिन्यातून एकदा मागितल्या तर हसून देतो. रोज मागितल्या तर दार लावून घेईल.

ताई : आणि समजा, मिळाल्या काटक्या. तरी शेजारी बसून राहावं लागतं. एक आत सरकव, दुसरी सरकव. तान्ह्या मुलाला भरवावं तसं. मला एवढा वेळ बसवत नाही रे. मला आडवं व्हावं लागतं. जुनीत एक ओंडका ढकलला की मी तासभर पडू शकते.

धाकटा : आता आहेत काटक्या?

भावोजी : एक जुडी आहे. तुमच्या पुढच्या खेपेसाठी आणून ठेवली होती.

धाकटा : आणा. मला पेटवायची आहे.

ताई : आत्ता? कशाला?

धाकटा : मला माहीत नाही कशाला. पातेल्यात काय आहे?

ताई : बटाटे. नुसते पाण्यात टाकलेत. अजून कच्चे आहेत.

(धाकटा चूल पेटवतो. नळीतून भात्यासारखा घोंघों आवाज येऊ लागतो.)

भावोजी : ऐका, ऐका. हा आवाज मला फार आवडतो. मशीन नीट लागलं की असं बोलतं.

धाकटा : धूर दिसतोय, ताई?

ताई : नाही.

धाकटा : वास?

ताई : नाही रे. सुरेख जळतेय. मी कधी म्हटलं वाईट आहे म्हणून?

धाकटा : मग मी असं करतो, दर आठवड्याला येतो. काटक्या फोडून ठेवून जातो. ढीग लावून ठेवतो. तासभर बसावं लागतं ते भावोजी बसतील. सरकवायला तर हात स्थिर नसला तरी चालतो ना, भावोजी?

भावोजी : चालेल. सरकवीन की.

ताई : अहो, ती शाल द्या जरा. खुंटीवरची.

धाकटा : थंडी वाजतेय? चुलीच्या शेजारी बसून?

ताई : तिला हात लाव.

धाकटा : कोमट आहे. ती कोमटच असायला हवी. बाहेरची बाजू तापू नये म्हणून मी तीन चुली मोडल्या, ताई. भुसा घालून भाजलेल्या पोकळ विटा याचसाठी शोधून काढल्या. बाहेरून जेवढी उष्णता निसटेल तेवढी पातेल्याला कमी.

ताई : पातेल्याला थोडी कमी मिळाली असती… तर मला मिळाली असती.

भावोजी : तिला गारठा सोसत नाही हो. थंड हवा छातीत गेली की आवळल्यासारखं होतं. बोलता येत नाही, ओठ निळे पडतात. पहिले तीन दिवस तिने इमानेइतबारे तुमच्या चुलीवर काढले. जेवण व्हायचं, चूल विझायची आणि खोली बर्फ. चौथ्या दिवशी पहाटे तिला भिंतीला टेकवून बसवलं मी. वाटलं, गेली. मग जुनी पेटवली. खोली गरम झाली, तेव्हा श्वास खाली उतरला.

धाकटा : आणि धूर?

भावोजी : धूर होताच. धुराने हळूहळू होतं. गारठ्याने लगेच.

धाकटा : एक तृतीयांश लाकूड. माझी सगळ्यांत अभिमानाची गोष्ट ती होती. त्याच जेवणाला एक तृतीयांश लाकूड. लाकूड एक तृतीयांश जळलं तर खोलीत उष्णताही एक तृतीयांशच येणार. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतल्या मुलाला कळेल. मी त्याला बचत म्हणत होतो.

ताई : बचत होतीच.

धाकटा : माझी समजूत घालू नकोस.

ताई : मग कोणाची घालू? काटकी सरकव. विझतेय.

धाकटा : मला पहिल्याच महिन्यात का नाही सांगितलंस? मी बदल केले असते.

ताई : सांगणारच होते. तू ते उपकरण लावलंस. आकडे बघितलेस. आणि शिट्टी वाजवायला लागलास. आई गेल्यापासून तुझी शिट्टी ऐकली नव्हती मी. म्हटलं, आज नको. पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी तू उपकरणाआधीच शिट्टी वाजवत आलास.

भावोजी : शिवाय, नाही म्हटलं असतं तर तुम्ही दहावी केली असती. मला तिचेही पत्रे कापायला लावले असते. या हातांनी.

धाकटा : भावोजी, आता विनोद नको.

भावोजी : विनोद नाही करत. मला दुसरं काय बोलावं ते सुचत नाही.

धाकटा : मी आयुष्यभर सगळ्यांवर शंका घेतली. औषधांच्या जाहिराती, सरकारी आकडे, माझ्या साहेबांचे निष्कर्ष. एक मोजमाप मात्र न तपासता घेतलं. तू म्हणालीस, ‘वापरते’. मी ते तसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं.

ताई : काय सांगितलंस?

धाकटा : त्यांनी विचारलं, घरात धूर किती? मी म्हणालो, शून्य. ते म्हणाले, नक्की? मी म्हणालो, मी स्वतः मोजतो.

ताई : बरं. मग?

धाकटा : मग काही नाही.

ताई : शंक्या, अर्धं बोलून थांबू नकोस. तो माझा हक्क आहे. मला दम नाही म्हणून.

धाकटा : धूर बंद होऊन महिने झाले आणि तरी छाती बिघडतच चालली आहे, असं त्यांना दिसत होतं. म्हणजे कारण धूर नाही, दुसरं काहीतरी आहे. शरीर स्वतःच स्वतःच्या फुप्फुसांना खातं, असा एक आजार असतो. त्यांनी तो धरला. हातात आलेल्या माहितीवरून मीही तोच धरला असता. म्हणून त्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

ताई : ज्यांनी माझं तोंड सुजलं त्या?

धाकटा : हो.

भावोजी : आणि हाडं? फार दिवस घेतल्या तर हाडं पोकळ होतात, असं कंपाउंडर म्हणत होता. मी म्हटलं, काहीतरी बरळतोय.

धाकटा : बरळत नव्हता.

ताई : मी किटली उचलली होती. नुसती किटली. भरलेलीसुद्धा नव्हती. आणि मनगट मोडलं. मला वाटलं, वय झालं.

धाकटा : वय नव्हतं, ताई.

ताई : मग हे प्लास्टर…

धाकटा : हो.

भावोजी : म्हणजे आम्ही भांडी रचत होतो, दारं उघडत होतो, आणि तिकडे…

धाकटा : तुम्हाला कोणी काय होतंय ते सांगितलं नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं. आणि मला तर वाटत होतं सगळं बरं चाललंय.

ताई : थांबा. दोघंही थांबा जरा. कोणाचं चुकलं ते मला ऐकायचं नाही. मला एवढंच सांग. उद्या गोळ्या बंद झाल्या, तर छाती सुधारेल?

धाकटा : गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत. हळूहळू उतरवतील. सूज उतरेल. हाड जुळेल, वेळ लागेल.

ताई : छातीचं विचारलं मी.

धाकटा : जे गेलं ते परत येत नाही.

ताई : आणि उरलंय ते?

धाकटा : धूर थांबला तर टिकेल. काही वर्षं. मला वाटतं. म्हणून तर, ताई, आपण शांतपणे विचार करू. तोंड मोठं करू. अख्खा ओंडका जाईल एवढं.

भावोजी : तिसरी तशीच होती ना?

धाकटा : होती. तोंड मोठं केलं की गार हवा जास्त आत शिरते. नळी तापत नाही, ओढ लागत नाही. धूर तोंडातूनच बाहेर येतो. हो. नको ते. काटक्या उभ्या घालू. आपल्या वजनाने आपोआप खाली सरकतील. बसायला नको.

भावोजी : ती सातवी.

धाकटा : ज्वाळा काटक्यांवरून वर चढली होती.

भावोजी : हिचा पदर पेटला होता.

धाकटा : पंखा. लाकडाचे बारीक तुकडे आणि खालून छोटा पंखा.

ताई : वीज कुठे आहे, शंक्या? विजेची शेगडी लावली की अख्ख्या गल्लीचे दिवे जातात. दिवसातून पाच-सहा वेळा ती आपण होऊन जाते, ते वेगळंच. पंखा थांबला की काय होतं, ते सहाव्या चुलीला बघितलंय मी. डोळे आठवडाभर लाल होते. आणि गॅस घेतला तरी खोली गारच राहते.

धाकटा : मग धुराडं. जुनीलाच धुराडं बसवू, भिंतीतून बाहेर काढू. ऊब आत राहील, धूर बाहेर जाईल. सगळ्यांत सोपं तेच आहे. पाचवीला आपण तेच केलं होतं.

भावोजी : आणि घरमालकाने ते सिमेंटने बुजवलं होतं. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्यांच्या खिडकीत धूर जायचा. ती बाई रडत खाली आली होती. तिला काय सांगणार, आमची छाती तुमच्या बाळाच्या छातीहून महत्त्वाची आहे म्हणून?

धाकटा : धुराडं उंच करू. छपरापर्यंत नेऊ.

भावोजी : छप्पर कोणाचं?

धाकटा : मग माझ्याकडे चला. दोघंही. आजच.

ताई : चौथा मजला.

धाकटा : मी आणि शेजारी मिळून खुर्चीत उचलून नेऊ.

ताई : नेशील. वर पोचेन. मग? खाली कधी येईन? डॉक्टरांकडे जायचं झालं की पुन्हा खुर्ची. परत येताना पुन्हा खुर्ची. तुझी बायको चांगली आहे, काही बोलणार नाही. पण चार माणसांच्या खांद्यावरून जिना उतरायचा तो एकदाच बरा.

भावोजी : अगं, काय बोलतेस!

ताई : खरं तेच. आज सगळे खरंच बोलतायत, म्हणून मीही बोलले.

धाकटा : म्हणजे उपाय नाही, असं म्हणायचंय तुला?

ताई : मी काय म्हणणार? शिकलास तू. तूच सांग ना. आहे?

धाकटा : गारठा ठेवला तर गारठ्याने. ऊब ठेवली तर धुराने. काटक्या फोडायला धडधाकट माणूस पाहिजे, आणि धडधाकट माणसाला या चुलीची एवढी गरज नाही. मी नऊ वेळा चूल सुधारली, ताई. दर वेळी ती निरोगी माणसासाठीच सुधारत गेली. तुझ्यापासून लांब लांब.

ताई : असं नको म्हणू. दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल. शिलाई करणारी ती पलीकडची, तिला दे. तरणी आहे. मुलंही आहेत काटक्या फोडायला.

धाकटा : तिच्यासाठी नव्हती केली मी.

भावोजी : मेहुणे, काटक्या संपल्या.

धाकटा : सगळ्या?

भावोजी : जुडीच केवढी होती! बोलण्यात कुठे लक्ष आपलं?

धाकटा : बटाटे?

भावोजी : सुरी मध्यावर अडतेय.

धाकटा : कुऱ्हाड कुठे आहे? मी फोडतो.

भावोजी : दाराबाहेर. फोडा हवं तर. पण ढिगातली लाकडं कालच्या पावसात भिजलीत. सालीतूनसुद्धा पाणी गळतंय.

धाकटा : ओल्या लाकडाने नळी तापणार नाही.

भावोजी : तेच म्हणतोय.

धाकटा : ताई? ताई, काय होतंय? सरळ बस. माझ्याकडे बघ.

ताई : काही… नाही. गार पडली खोली.

भावोजी : ओठ बघा तिचे. सरका, मेहुणे. ती भांडी उचला जुनीवरून. पत्रा काढा.

धाकटा : भावोजी, नको. माझा कोट घाला तिला. दोन पांघरुणं घालू. आज तरी नको.

ताई : आज नको… तर कधी नको? सबंध रात्र… काढायचीय मला.

धाकटा : उद्या डॉक्टरांना काय सांगू मी? की सगळं कळल्यावर माझ्या डोळ्यांदेखत पेटवली?

ताई : हो. तसंच सांग. या वेळी… जसं असेल तसं.

भावोजी : अंगावर घ्या हिला, अशी. पाठ चोळा. खालून वर. हां. आत कोरडा ओंडका आहे एक, कोपऱ्यात. तेवढा मी ढकलतो. याला हात स्थिर लागत नाही. एकदा धरला की सकाळपर्यंत बघायला नको.

धाकटा : श्वास घे, ताई. घाई करू नकोस. सोड. पुन्हा घे.

ताई : घेतेय. ऊब आली. बघ, येतेय.

भावोजी : धरली. आता जरा धूर होईल, मग बसेल खाली.

धाकटा : जाईल कुठून तो?

ताई : दारातून. जाईल तेवढा. सोड मला आता, बसते मी. तू बाहेर पायरीवर जाऊन बस, शंक्या. तुला धूर सोसत नाही.